‘पैसा वसूल’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

सिनेमा आवडला की ‘पैसा वसूल’. थाळीत पोटभर आणि चवीचं मिळालं की ‘पैसा वसूल’. दहा वर्षं बिनतक्रार चाललेला मिक्सरही ‘पैसा वसूल’. हिंदीतून आलेला आणि आता मराठीत पुरता रुळलेला हा शब्दप्रयोग सगळीकडे चालतो. इंग्रजीत मात्र या प्रत्येक जागी वेगळा वाक्प्रचार लागतो. एकाच्या जागी दुसरा टाकला, तर व्याकरण बरोबर असूनही वाक्य खटकतं. बहुतेक पुस्तकं हे वाक्प्रचार ‘स्वस्त मिळणे’ या एकाच अर्थाखाली ओळीनं छापतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

हे वाक्प्रचार वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. काही फक्त किंमत बघतात: नेहमीच्या भावापेक्षा किती कमी पडली? काही किंमत आणि दर्जा शेजारी ठेवून बघतात. काहींना एवढंच विचारायचं असतं, की पैसे भरलेत खरे, पण त्याचा उपयोग किती करून घेतलात? आणि काही दोन पर्यायांची तुलना करतात: तेवढ्याच पैशात जास्त परिणाम कशानं होईल?

एक हिशेब मांडून बघू. समजा, एका जिमची वर्षाची फी २०,००० रुपये आहे. एकाला ती सवलतीत १२,०००ला मिळाली, पण तो वर्षभरात आठच दिवस गेला. त्याला एका दिवसाचे १,५०० रुपये पडले. दुसऱ्यानं पूर्ण २०,००० भरले आणि तो २५० दिवस गेला. त्याला दिवसाचे ८० रुपये पडले. पहिल्याला ‘बार्गेन’ मिळालं, म्हणजे सौदा स्वस्तात झाला, पण ‘ही डिडन्ट गेट हिज मनीज वर्थ’. दुसऱ्याला बार्गेन मिळालं नाही, तरी ‘ही गॉट हिज मनीज वर्थ’. एवढा फरक पक्का झाला की पुढचं बरंचसं सोपं जातं.

मनीज वर्थ आणि पाचशेचं पेट्रोल

‘गेट युअर मनीज वर्थ’ म्हणजे भरलेल्या पैशाइतकं पदरात पाडून घेणं. बुफे, बसचा महिन्याचा पास, संग्रहालयाचं तिकीट, क्लासची फी अशा ठिकाणी हा चपखल बसतो, कारण इथे पैसे आधी भरलेले असतात आणि वसुली नंतर करायची असते. व्याकरणात दोन गोष्टी सांभाळायच्या. ‘माय’, ‘युअर’, ‘हिज’, ‘हर’, ‘देअर’ यांपैकी योग्य तो शब्द आधी हवाच, नुसतं ‘आय गॉट मनीज वर्थ’ अर्धवट वाटतं. आणि ‘मनी’नंतर अपॉस्ट्रॉफी व एस येतो, कारण अर्थ ‘पैशाचं मोल’ असा षष्ठीचा आहे.

हीच षष्ठी पेट्रोल पंपावरही कामाला येते. आपण ‘पाचशेचं पेट्रोल’ म्हणतो. तो ‘चं’ इंग्रजीत ‘ऑफ’ होतो असं समजून ‘पेट्रोल ऑफ फाइव्ह हंड्रेड’ म्हटलं जातं, आणि ते चुकतं. बरोबर रचना ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज वर्थ ऑफ पेट्रोल’. ‘रुपीज’ अनेकवचनी असल्यामुळे लिहिताना अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर येतो, उच्चारात काही बदलत नाही.

कौतुकाचा सूर वाढवायचा असेल तर ‘वर्थ एव्हरी पेनी’. याला मराठीत ‘पै न पै वसूल’ इतकं नेमकं जुळणारं दुसरं काही नाही, आणि हे जुळणं वरवरचं नाही. जुन्या हिशेबात रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पया होत. ब्रिटनमध्ये पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. दोन्हीकडे हिशेबातलं एक बारीक नाणं उचलून ‘त्यातलंसुद्धा वाया गेलं नाही’ असं म्हटलं आहे. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ला. पई व्यवहारातून गेली, जुनी पेनी गेली, वाक्प्रचारांत दोन्ही टिकून आहेत.

व्हॅल्यू फॉर मनी

हा मोजूनमापून बोलणाऱ्याचा शब्द आहे. किंमत कमीच असली पाहिजे अशी याची अट नाही. दीड लाखाची वस्तूही ‘गुड व्हॅल्यू फॉर मनी’ असू शकते आणि दोनशेची नसू शकते. सरकारी अहवाल, निविदा, कार्यालयीन पत्र, परीक्षेतला निबंध अशा ठिकाणी या सगळ्या वाक्प्रचारांत हाच निर्धास्तपणे वापरावा. ब्रिटनमध्ये तर हा लेखापरीक्षणाचा पारिभाषिक शब्द आहे. तिथलं राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय सरकारी खर्च तपासताना तीन कसोट्या लावतं: इकॉनॉमी, एफिशियन्सी आणि इफेक्टिव्हनेस. म्हणजे साधनं कमीत कमी खर्चात घेतली का, घेतलेल्या साधनांतून जास्तीत जास्त काम निघालं का, आणि ज्या हेतूनं खर्च केला तो साधला का. शाळेसाठी बाकं सर्वांत कमी दरात घेतली, पण ती मुलांच्या उंचीला बेतशीर नाहीत म्हणून कोपऱ्यात पडून राहिली, तर पहिली कसोटी पास, तिसरी नापास, आणि खर्च ‘व्हॅल्यू फॉर मनी’ ठरत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘व्हॅल्यू ऑफ मनी’. ‘ऑफ’ आला की विषयच बदलतो. ‘व्हॅल्यू ऑफ मनी’ म्हणजे पैशाची किंमत, त्याची क्रयशक्ती. महागाईमुळे रुपयाची किंमत घटली, हे त्या शब्दांत सांगायचं. दुसरी गोष्ट, ब्रिटिश इंग्रजीत ‘इट्स गुड व्हॅल्यू’ असं ‘अ’शिवाय म्हणतात, तर अमेरिकेत ‘इट्स अ गुड व्हॅल्यू’ सर्रास चालतं. दोन्ही बरोबर आहेत, एका लेखात मात्र एकच धरून चालावं. नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं, जसं ‘अ व्हॅल्यू-फॉर-मनी फोन’, तर मधे जोडरेघा द्यायच्या.

‘बँग फॉर द बक’मधला ‘बँग’ हा बॉम्बचा

‘मोअर बँग फॉर युअर बक’ आज मोबाइलच्या जाहिरातीतही दिसतो, पण तो रुळला अमेरिकेच्या संरक्षणखर्चाच्या वादात. १९५३ साली आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा कोरियन युद्ध सुरू होतं आणि लष्कराचा खर्च डोईजड झाला होता. त्यांच्या सरकारनं ‘न्यू लुक’ नावाचं धोरण आखलं. मोठं खडं सैन्य पोसण्यापेक्षा अण्वस्त्रांवर आणि ती वाहून नेणाऱ्या हवाई दलावर भर द्यायचा, म्हणजे कमी डॉलरमध्ये जास्त दरारा. याच धोरणाचं वर्णन ‘बिगर बँग फॉर द बक’ असं होऊ लागलं. हे शब्द बहुतेक वेळा तेव्हाचे संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांच्या नावावर सांगितले जातात. विल्सन त्याआधी जनरल मोटर्सचे अध्यक्ष होते. ‘बँग’ म्हणजे स्फोटाचा आवाज. ‘बक’ म्हणजे डॉलर. हरणाच्या कातड्याला ‘बकस्किन’ म्हणतात, आणि अठराव्या शतकात अमेरिकेतल्या सरहद्दीवरच्या व्यापारात अशा कातड्यांत देणंघेणं चालायचं. डॉलरला ‘बक’ हे नाव त्यावरूनच पडलं, असं सर्वसाधारणपणे मानतात.

हा जन्म लक्षात ठेवला की वापर आपोआप कळतो. हा वाक्प्रचार तुलनेचा आहे. पैसे तेवढेच, परिणाम कुठे जास्त? म्हणून तो ‘मोअर’, ‘मोस्ट’, ‘बेस्ट’, ‘बिगेस्ट’ अशा शब्दांसोबत येतो. जुन्या संगणकाची गती वाढवायची आहे आणि हातात तीन हजार रुपये आहेत. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क बसवली, तर संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. तेच पैसे नव्या कीबोर्डवर घातले, तर गतीत काहीच फरक पडत नाही. अशा ठिकाणी ‘ॲन एसएसडी गिव्ह्ज यू द मोस्ट बँग फॉर युअर बक’ हे वाक्य अगदी बरोबर बसतं. ‘धिस शर्ट इज अ बँग फॉर बक’ बसत नाही, कारण तिथे परिणामही नाही आणि तुलनाही नाही. सूर बोलीभाषेचा आहे. सहकाऱ्याला पाठवायच्या निरोपात चालतो, मंत्रालयाला लिहायच्या पत्रात नको. ‘बक’च्या जागी रुपया घालणं हा इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांतला खेळ आहे, रोजच्या बोलण्यात ‘बक’च ठेवावा.

बार्गेन, स्टील, स्निप

आता फक्त किंमत मोजणारे वाक्प्रचार. ‘बार्गेन’ हा शब्द मराठीत शिरला तो घासाघीस या अर्थानं: ‘मी बार्गेनिंग केलं’. इंग्रजीत क्रियापद म्हणून तो अर्थ आहे, पण नाम म्हणून ‘बार्गेन’ म्हणजे स्वस्तात मिळालेली चांगली वस्तू. त्यामुळे ‘आय गॉट अ बार्गेन’ म्हणायला घासाघीस झालेली असण्याची गरज नाही, मॉलमधल्या छापील सवलतीतही बार्गेन मिळतं. घासाघीस केली असं सांगायचं असेल तर ‘आय बार्गेन्ड’ किंवा ‘आय हॅगल्ड’. ‘आय डिड बार्गेनिंग’ ही मराठी वाक्यरचना आहे.

याच शब्दाची आणखी तीन रूपं आहेत. ‘ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन’ म्हणजे सौद्यात आपल्या अटींवरून न हलणं. ‘इन्टू द बार्गेन’ म्हणजे ठरलेल्यावर आणखी काही. भाजीवाली कोथिंबीर दिल्यावर मूठभर कढीपत्ता वर टाकते, तो ‘इन्टू द बार्गेन’. पण इंग्रजीत हे वाईट गोष्टींसाठीही तितकंच वापरतात: गाडी उशिरा आली, आणि वर पाऊसही लागला. तिसरं, ‘मोअर दॅन यू बार्गेन्ड फॉर’. हे ऐकायला फायद्याचं वाटतं, अर्थ मात्र बहुधा उलटा असतो: अपेक्षा नव्हती इतका त्रास गळ्यात पडला. हॉटेलच्या जेवणाचं कौतुक करताना ‘वी गॉट मोअर दॅन वी बार्गेन्ड फॉर’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल पोट बिघडलं.

‘इट्स अ स्टील’. उच्चार पोलादाच्या स्टीलसारखाच, पण हा शब्द चोरीचा. भाव इतका कमी की जणू चोरून आणली. लक्षात ठेवायची गंमत अशी, की ‘स्टील’मध्ये चोर आपण असतो आणि फायदा आपला असतो, तर ‘डेलाइट रॉबरी’मध्ये दरोडेखोर विक्रेता असतो आणि कापले जातो आपण. मराठीत ‘लुटलं’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघू शकतात, म्हणून भाषांतर करताना कोण कोणाला लुटतंय हे आधी तपासावं. ‘डेलाइट रॉबरी’ इंग्लंडच्या जुन्या खिडकीकरावरून आली, ही कथा फार पसरली आहे. तो कर १६९६ ते १८५१ या काळात खरोखर होता, आणि तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या बुजवल्याही. पण या शब्दप्रयोगाचा त्याच्याशी संबंध जोडणारा भक्कम पुरावा नाही. भरदिवसा उघड दरोडा हा साधा अर्थच पुरेसा आहे.

ब्रिटिश मंडळी ‘स्टील’च्या जागी ‘स्निप’ही म्हणतात: ‘अ स्निप ॲट ट्वेंटी पाउंड्स’. अमेरिकेत हा फारसा चालत नाही.

शब्दयोगी अव्ययांकडे लक्ष द्यावं, कारण मराठी माणसाची सर्वांत जास्त चूक इथे होते. आपण ‘चारशे रुपयांत घेतलं’ म्हणतो, म्हणून ‘आय बॉट इट इन फोर हंड्रेड रुपीज’ तोंडात येतं. खरेदी सांगताना ‘फॉर’ हवा: ‘आय बॉट इट फॉर फोर हंड्रेड’. भावाबद्दल मत देताना ‘ॲट’: ‘ॲट फोर हंड्रेड, इट्स अ स्टील’. ‘इन’ इथे कुठेच येत नाही.

मातीमोल कोणाच्या बाजूनं?

‘डर्ट चीप’ शब्दशः मातीमोल. इतकं सरळ जुळतं की भाषांतर करताना हात थांबत नाही, आणि तिथेच अर्थ निसटतो. ‘डर्ट चीप’ बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या तोंडी असतं आणि त्यात आनंद असतो: टोमॅटो डर्ट चीप आहेत, दोन किलो घेऊन टाकू. ‘मातीमोल’ मराठीत विकणाऱ्याच्या तोंडी असतं आणि त्यात नुकसान असतं. लासलगावच्या बाजारात कांद्याचे भाव कोसळले की वृत्तपत्रं ‘कांदा मातीमोल’ असा मथळा देतात, तेव्हा त्यात उत्पादनखर्चही न निघालेल्या शेतकऱ्याची बाजू असते. तो मथळा इंग्रजीत ‘अनियन्स डर्ट चीप’ असा नेला, तर बातमी गिऱ्हाइकाची होते. तिथे ‘अनियन प्राइसेस क्रॅश’ असं काही लिहावं लागतं. उलट, दुकानाच्या जाहिरातीतलं ‘डर्ट चीप’ मराठीत ‘मातीमोल’ करू नये. ‘एकदम स्वस्त’ किंवा ‘अगदी पडत्या भावात’ बरं.

‘फॉर अ साँग’ म्हणजे एका गाण्याच्या मोलानं, जवळजवळ फुकटात. याला ‘कवडीमोल भावानं’ चांगलं जुळतं, कारण दोन्हीत वस्तू मुळात मोलाची असते आणि तिला तिची किंमत मिळालेली नसते. कवडी खरोखरच चलन होती. मालदीवहून जहाजं भरभरून कवड्या भारतात यायच्या आणि अगदी छोट्या व्यवहारांना त्या पुरायच्या. वडिलोपार्जित घर घाईत विकलं गेलं, तर ‘इट वेंट फॉर अ साँग’. अजून विक्रीला असेल तर ‘इट्स गोइंग फॉर अ साँग’. पावशेर मिरच्यांसाठी हा वाक्प्रचार वापरत नाहीत.

‘चीप’ला जपून

वस्तू ‘चीप’ असते, किंमत ‘लो’ असते. ‘चीप प्राइस’ ऐकू येतं, पण नीट लिहिताना टाळावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘चीप’मध्ये हलक्या दर्जाची छटा आहे आणि माणसाला लावलं तर ‘कंजूष’ किंवा ‘हलकट’ असा अर्थ होतो. यजमानांना ‘युअर कर्टन्स लुक चीप’ म्हटलं तर तो अपमान आहे, भावाचं कौतुक नाही. दुकानदारासमोर किंवा कोणाच्या वस्तूबद्दल बोलताना ‘रीझनेबल’ किंवा ‘ग्रेट व्हॅल्यू’ म्हणावं.

‘चीप’ला चांगल्या अर्थानं वापरणारी एक सुरेख ब्रिटिश जोडी आहे: ‘चीप अँड चिअरफुल’. आपलं ‘स्वस्त आणि मस्त’, आणि त्यातही दोन्ही शब्द नाद धरून येतात. फार भारी नाही, पण नीटनेटकं आणि आनंद देणारं. बसायला साधी बाकडी असलेलं, झणझणीत मिसळ देणारं हॉटेल ‘चीप अँड चिअरफुल’. याची उलटी बाजू ‘चीप अँड नॅस्टी’, म्हणजे स्वस्त आणि टाकाऊ. ‘यू गेट व्हॉट यू पे फॉर’ला मराठीत तयार म्हण आहे: जितका गूळ घालाल तितकं गोड.

स्वस्त घेऊन महागात पडणं

‘फॉल्स इकॉनॉमी’ हा म्हणीच्या थाटाचा नाही, पण शिकावाच असा शब्द आहे, कारण मराठीत त्यासाठी अख्खं वाक्य लागतं: बचत झालीसं वाटतं, पण एकूण खर्च वाढतो. आधी ‘अ’ लावायचा: ‘इट्स अ फॉल्स इकॉनॉमी’. समजा, ६० वॉटचा साधा बल्ब २० रुपयांना आणि जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी १०० रुपयांना मिळतो. रोज पाच तास लावला तर साधा बल्ब वर्षाला १०९.५ युनिट खातो, एलईडी सुमारे १६.४. युनिटला ८ रुपये धरले तर एकाचं बिल ८७६ रुपये, दुसऱ्याचं १३१. खरेदीत ८० वाचले, वर्षात ७४५ गेले. शिवाय साध्या बल्बचं आयुष्य सुमारे १,००० तास असतं, म्हणजे दोनशे दिवसांत तो गेला आणि दुसरा आणावा लागला. त्याला म्हणतात ‘बाय चीप, बाय ट्वाइस’.

‘पेनी-वाइज अँड पाउंड-फूलिश’मधला पाउंड वजनाचा नाही, चलनाचा आहे. एका पेनीवर नजर ठेवताना २४० पेन्स हातचे गेले, असं त्याचं जुनं गणित. याच्या जवळ जाणारी आपली म्हण ‘विळा मोडून खिळा करणं’. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ अनेकदा इथे जोडली जाते, पण ती वेगळी: मूळ वस्तूपेक्षा तिच्या लवाजम्यावर जास्त खर्च, असा तिचा अर्थ. तिथे ‘पेनी-वाइज’ लावता येत नाही.

याच कुळातली एक जुनी इंग्रजी म्हण आहे: ‘स्पॉइल द शिप फॉर अ हेपर्थ ऑफ टार’. ‘हेपर्थ’ म्हणजे अर्ध्या पेनीचं मोल, वर पाहिलेल्या ‘वर्थ’चंच हे आक्रसलेलं रूप. अर्ध्या पेनीच्या डांबरासाठी जहाज घालवू नये, असं वाचताना वाटतं, पण मुळात ते जहाज नव्हतंच. इंग्लंडच्या काही बोलींत ‘शीप’, म्हणजे मेंढीचा उच्चार ‘शिप’ असा होई. मेंढीच्या जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून मेंढपाळ डांबर लावत. ते न लावता मेंढी गमावू नका, असं ती म्हण सांगत होती. पुढे डांबर आणि ‘शिप’ एकत्र पाहून लोकांच्या डोळ्यांसमोर जहाज आलं आणि तेच कायम झालं.

राहिला एक फसवा वाक्प्रचार. ‘अ रन फॉर युअर मनी’मध्ये पैसा आहे, पण तो आता पैशाबद्दल उरलेला नाही. उगम घोड्यांच्या शर्यतीतला. ज्या घोड्यावर पैसे लावले तो ऐनवेळी शर्यतीतून काढून घेतला, तर काही प्रकारच्या पैजांत पैसे बुडायचे आणि शर्यतही बघायला मिळायची नाही. निदान घोडा धावला, तर हरूनही पैशाच्या मोबदल्यात एक धाव तरी मिळाली. आज ‘गिव्ह समवन अ रन फॉर देअर मनी’ म्हणजे एखाद्याला तगडी टक्कर देणं. नवख्या संघानं विजेत्याला शेवटच्या षटकापर्यंत झुंजवलं, तर ‘दे गेव्ह द चॅम्पियन्स अ रन फॉर देअर मनी’. थाळी, फोन किंवा तिकीट यांच्यासाठी हा वाक्प्रचार वापरला, तर समोरच्याला कळणारच नाही की कौतुक कशाचं चाललंय. तिथे ‘मनीज वर्थ’च हवा.